तुरुंगातले अन्न आणि माणसाचे वजन

तुरुंगातून सुटून आलेला माणूस घरच्या ओट्यावर टेकला की शेजारीपाजारी जमतात, आणि त्यांतला एक तरी म्हणतो, "काय हो, चांगले सडसडीत होऊन आलात!" यात दुष्टावा काही नसतो. इतक्या दिवसांनी भेटलेल्या माणसाशी काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून आपण दिसते ते बोलतो. मीही हे वाक्य २००४ साली ऐकले आणि हसून सोडून दिले. मात्र त्याच सुटकेनंतर तिसऱ्या दिवशी माझ्या एका सहकाऱ्याला रिक्षात घालून सरकारी इस्पितळात न्यावे लागले. तेव्हापासून ते वाक्य कोणी उच्चारले की मला हसू येत नाही.

हकीकत थोडक्यात सांगतो. कारखान्याच्या दारावरच्या धरण्यात आम्ही तेवीसजण पकडले गेलो. जामीन घ्यायचा नाही असे ठरले होते, त्यामुळे जिल्ह्याबाहेरच्या एका तुरुंगात सव्वीस दिवस काढले. माझा हा सहकारी लेथवर काम करणारा, चाळिशीचा, काटक माणूस. आत गेल्यावर आठवडाभरातच त्याचे पोट बिघडले. पुढे भेटी बंद केल्याच्या निषेधार्थ त्याने अकरा दिवस पाणी आणि चिमूटभर मीठ यांखेरीज काही घेतले नाही. आत जाताना त्याचे वजन अठ्ठावन्न किलो होते. बाहेर आला तेव्हा अठ्ठेचाळीस. दारात हार घातले गेले, घरी आईने श्रीखंड-पुरीचा बेत केला, आणि त्याने तो आनंदाने, पोटभर खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पायांवर सूज आली, धाप लागू लागली, उभे राहिले की गुडघे लटपटू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. इस्पितळात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी धरता धरता पहिला प्रश्न विचारला तो असा : "हे किती दिवस जेवले नव्हते, आणि घरी आल्यावर तुम्ही यांना काय खाऊ घातले?"

हा प्रश्न मला त्या वेळी विचित्र वाटला. उपाशी असताना जो माणूस चालत होता, बोलत होता, घोषणा देत होता, तो जेवल्यावर आजारी पडावा? मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यात आणि नगर वाचनालयात. तरी त्या रात्रीच्या प्रश्नाचा पाठपुरावा मी पुष्कळ वर्षे केला आहे, डॉक्टरांना गाठून विचारले आहे, पुस्तके चाळली आहेत. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

संप लांबला म्हणजे कामगाराचे घर कसे चालते हे मी अनेकदा पाहिले आहे. पहिल्या आठवड्यात डब्यातले सुटे पैसे संपतात. मग पोस्टातली शिल्लक निघते. मग भांडी मोडीत जातात. आणि शेवटी, फार लांबले तर, ज्या हत्यारांवर पोट भरायचे ती हत्यारेच विकायची पाळी येते. अन्न तुटल्यावर शरीरही जवळपास असाच व्यवहार करते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक लहानसा साठा असतो. तो एखाद्या दिवसात संपतो. या साठ्याबरोबर त्याच्या तिप्पट-चौपट पाणी बांधलेले असते, तेही जाते. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत काटा झरझर उतरतो आणि त्यात घाबरण्यासारखे फारसे नसते. त्यानंतर मात्र चरबी जळू लागते. आता चरबीपासून शरीराला उष्णता मिळते हे खरे, पण मेंदूला साखर लागते, आणि चरबीतून साखर जवळजवळ बनत नाही. ती बनवायची तर मांस मोडावे लागते. पूर्ण उपवासाच्या पहिल्या दिवसांत रोज सुमारे पाऊणशे ग्रॅम प्रथिन, म्हणजे ओल्या मांसाच्या हिशेबाने पाव किलोहून जास्त, असे मोडले जाते. पुढे मेंदू चरबीपासून झालेल्या द्रव्यांवर भागवायला शिकतो, तेव्हा हा वेग मंदावतो. पण थांबत कधीच नाही.

संपातल्या घराशी तुलना इथे अपुरी पडते. घरातला शहाणा माणूस हत्यारे सर्वांत शेवटी विकतो. शरीराला तेवढी निवड नसते. ते भांडी आणि हत्यारे बरोबरीनेच विकायला काढते. आणि मांस म्हणजे काही केवळ दंड-मांड्या नव्हेत. हृदय हाही स्नायूच. छाती भात्यासारखी हलवणारा पडदाही स्नायूच. दहा किलो वजन उतरले म्हणजे या दोन्हींचाही काही भाग उतरला. जो मुळातच सुकड आहे, ज्याच्या अंगावर चरबी नाही, त्याचे मांस आधी आणि जास्त जाते. आपल्या तुरुंगांतला मोठा भरणा गरीब माणसांचा असतो. त्याला आणखी वीस टक्के हलके करणे आणि एखाद्या लठ्ठ शेठजींना वीस टक्के हलके करणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. शेठजींनाही झटपट उतरणे सोसतेच असे नाही. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो हे डॉक्टर जाणतात.

आता तुरुंगातल्या अन्नाकडे वळू. पुष्कळांना वाटते की प्रश्न फक्त पोट भरण्याचा आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज सुमारे २,११० कॅलरी लागतात, मध्यम श्रमाला २,७१० आणि जड श्रमाला ३,४७०. तेव्हा पोळ्या मोजून दिल्या, भात तोलून दिला की काम झाले, असा हिशेब करता येतो. तसा तो अनेक ठिकाणी, अनेक काळ केला गेला. त्याचे फळ काय निघाले, याचा मोठा पुरावा जावा बेटावरच्या तुरुंगांतून आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डचांच्या ताब्यातल्या जावात बेरीबेरी नावाच्या रोगाने माणसे मरत. पाय बधिर होत, सूज येई, हृदय थकून माणूस जाई. आइकमन नावाचा डच डॉक्टर तेथल्या लष्करी इस्पितळाजवळ कोंबड्यांवर प्रयोग करीत होता. त्याच्या कोंबड्यांना तसाच रोग झाला आणि एके दिवशी आपोआप बरा झाला. शोध घेता कळले की त्यांना काही दिवस इस्पितळाचा पांढराशुभ्र सडलेला भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना घालणार नाही म्हणाला! त्या आचाऱ्याच्या काटेकोरपणाचे जगावर उपकार आहेत. पण कोंबड्यांचे ते माणसांचे कशावरून? तेव्हा जावाच्या तुरुंगांची पाहणी करणारा फोर्डरमन नावाचा वैद्यकीय अधिकारी पुढे आला. त्याने १०१ तुरुंग आणि पावणेतीन लाखांवर कैदी यांची नोंद तपासली व १८९७ साली अहवाल दिला. कोंड्यासकट तांदूळ देणाऱ्या ३७ तुरुंगांपैकी फक्त एका तुरुंगात बेरीबेरी होती. पांढरा तांदूळ देणाऱ्या ५१ तुरुंगांपैकी ३६ तुरुंगांत होती. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, गर्दी किती, हे सारे त्याने पडताळले. त्यांचा संबंध लागेना. संबंध लागला तो कोंड्याचा. त्या कोंड्यात जे होते त्याला आपण आज ब जीवनसत्त्वातले पहिले, थायामिन म्हणतो. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्डरमनच्या कैद्यांना काय मिळाले असेल ते असेल.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा : थायामिनचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. ताट भरलेले दिसत असूनही तो संपू शकतो, आणि ताट रिकामे असेल तर संपतोच. शिवाय साखर आणि पीठ पचवायला थायामिन खर्ची पडते. हे वाक्य लक्षात ठेवा. श्रीखंडापाशी परत येऊ तेव्हा लागेल.

लंडनमधल्या मिलबँक तुरुंगाची गोष्टही याच जातीची. तिथले जेवण फार चैनीचे आहे अशी बाहेर ओरड झाली, म्हणून १८२२ साली ते कमी केले. बटाटा जवळजवळ बंद झाला. पुढच्याच वर्षी कैद्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर काळेनिळे डाग आले, हगवण लागली. अर्ध्याहून अधिक तुरुंग आजारी पडला. कोणी म्हणाले, थेम्सच्या दलदलीची हवा. पण जे कैदी स्वयंपाकघरात कामाला होते आणि ज्यांना जास्तीचे अन्न मिळे, ते जवळजवळ सारे सुटले, आणि दलदल तर त्यांच्याही खिडकीखाली होती. कैदी चैन करतात ही ओरड आजही ऐकू येते. ती करणाऱ्याने मिलबँकचे एक वर्ष वाचावे.

बरे, अन्न अगदी बंद नाही, नुसते अर्धे आहे, अशा स्थितीत माणसाचे काय होते? याची नेमकी मोजदाद अमेरिकेत मिनेसोटा येथे झाली. दुसऱ्या महायुद्धात हत्यार धरायला नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांनी आपणहून शरीर प्रयोगाला दिले. १९४५ च्या फेब्रुवारीपासून चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरी दिल्या गेल्या, त्याही पाव, बटाटे, कोबी, सलगम अशा पदार्थांतून. आठवड्याला बावीस मैल चालणे सक्तीचे. प्रयोग चालवणारे प्राध्यापक ॲन्सेल कीझ यांनी पुढे १९५० मध्ये त्यावर दोन जाडजूड खंड छापले. वजन चौथ्या हिश्शाने उतरले, हे अपेक्षितच होते. नाडी मिनिटाला चाळिशीच्या आसपास, काहींची त्याहूनही खाली गेली. हृदय आकाराने लहान झाले. उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते मनाचे. शांत, विचारी, ध्येयासाठी तिथे आलेली ही माणसे दिवसभर अन्नाखेरीज कशाचा विचार करीनात. पाककृतींची पुस्तके जमवू लागली. ताटातला घास तासभर पुरवू लागली. विनोद संपला, मैत्री आटली, चिडचिड वाढली. एकाने तर स्वतःची बोटे कुऱ्हाडीने तोडून घेतली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या बराकीतली भांडणे आठवली. वाटीभर डाळीच्या वाटणीवरून दोन जुने सोबती एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. मी त्यांना शिस्तीवर व्याख्यान दिले होते. आता वाटते, व्याख्यानाऐवजी शेंगदाणे मिळवून द्यायला हवे होते. कैद्याचे चिडणे, झोप उडणे, सुन्न बसणे हे नेहमी त्याच्या स्वभावातच शोधू नये. त्याचे ताटही पाहावे.

मिनेसोटाच्या नोंदींत आणखी एक बारकावा आहे. उपासमार वाढते तेव्हा पाय सुजतात, पाणी साठते आणि वजन उतरायचे थांबल्यासारखे दिसते. म्हणजे काटा खोटे बोलू लागतो. म्हणून नुसते वजन पुरत नाही. घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का, हेही पाहावे लागते. हे पाहायला डॉक्टर असणे जरूर नाही, भेटीला गेलेला भाऊही पाहू शकतो.

तरी वजन ही पहिली साक्ष आहेच. इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्याने, दुसरे काही नाही तरी एवढे केले होते, की सक्तमजुरीच्या कैद्याचे वजन पंधरवड्यातून निदान एकदा त्याच्या नोंदपत्रावर लिहिले गेले पाहिजे. त्यात दयेपेक्षा मजुरीची काळजी अधिक असेल. तो भाग वेगळा. त्याच कायद्यात शिक्षा म्हणून अन्न तोडण्याचीही तरतूद होती, मात्र सलग ९६ तासांपेक्षा जास्त नाही, पुन्हा करायची तर मध्ये आठवडा गेला पाहिजे, आणि आधी वैद्यकीय अधिकाऱ्याने कैद्याला तपासले पाहिजे, अशा अटी होत्या. अटी घालणाऱ्यालाही धोका ठाऊक होता, हे त्यावरून दिसते. अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यात एकांतातल्या कैद्यांना मांस, बटाटे, अंडी, पाक वगैरे एकत्र मळून भाजलेल्या वड्या देत. दिवसाला हजार कॅलरीसुद्धा त्यातून मिळत नसत. १९७८ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जे काही दिवस चालेल ते आठवडे-महिने चालवणे क्रौर्य ठरू शकते. आणि २०१५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या, मंडेलांचे नाव दिलेल्या नियमांत तर कैद्याचे अन्न किंवा पाणी शिक्षा म्हणून कमी करायला साफ मनाई आहे.

वैद्यकात साधारण माप असे धरतात : महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन मनात नसता उतरले, तर कारण शोधलेच पाहिजे. साठ किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे अवघे तीन किलो. कारण नेहमी अन्नच असेल असे नाही. क्षयाची सुरुवातही अशीच होते, आणि दाटीच्या, कोंदट बराकीत क्षय पसरायला वेळ लागत नाही. ही दोन कारणे एकमेकांना हात देतात. उपाशी शरीरात क्षय बळावतो, क्षयाने शरीर आणखी उपाशी होते. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्यांना पोषक शिधा देऊन जो प्रयोग झाला, त्याचे निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाले : शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. मधुमेही कैद्याचा धोका वेगळाच. बाहेरच्या जेवणावर बेतलेली इन्शुलिनची मात्रा आतल्या अर्ध्या ताटावर तशीच चालू ठेवली तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊन तो बेशुद्ध पडतो. बायकांच्या बराकीत पाळी बंद होणे ही पहिली खूण असते, आणि ती विचारणारे बहुधा कोणी नसते.

पूर्ण उपोषणाची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिथे भावना फार असतात. जतींद्रनाथ दासांनी १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात, राजकीय कैद्यांना माणसासारखे अन्न व वागणूक मिळावी म्हणून, त्रेसष्ट दिवस उपवास करून १३ सप्टेंबरला प्राण सोडला. मधल्या काळात नळीने बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली होती. १९८१ साली उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा तरुण ४६ ते ७३ दिवसांच्या दरम्यान गेले. त्या दहांच्या मृत्यूंना जगाने पाहिले. अर्ध्या ताटावर वर्षभर झिजणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून मी बोलतो आहे ते मुख्यतः त्याच्याविषयी.

आता श्रीखंडाकडे.

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजा जर्मनीतल्या बेर्गन-बेल्झनच्या छळछावणीत शिरल्या. आत साठ हजारांच्या आसपास माणसे होती, हाडांचे सापळे. शिपायांनी कळवळून आपल्या शिध्यातले डबे उघडून दिले. ते जड, तेलकट अन्न पुष्कळांना बाधले. मुक्ततेनंतरही तिथे तेरा-चौदा हजार माणसे मेली. टायफसने किती, भुकेने किती आणि त्या डब्यांनी किती, हे वेगळे काढता येत नाही. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात वापरलेले दुधाची भुकटी आणि साखर यांचे पातळ मिश्रणही तिथे नेले होते. त्या माणसांना ते इतके गोड लागले की घशाखाली उतरेना. पुढे १९५१ मध्ये काही अमेरिकन डॉक्टरांनी फिलिपाइन्समधल्या उपाशी जपानी युद्धकैद्यांविषयी लिहिले, की यांतले काहीजण अन्न मिळू लागल्यावरच हृदय खचून मेले.

कारण असे आहे. उपाशी शरीर सारे कारभार हळू करून बसलेले असते. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे आतून रिते झालेले असतात, पण रक्तातली पातळी बऱ्यापैकी दिसते. अशात एकदम साखर आणि मैदा पोटात गेला की इन्शुलिन उसळते, आणि रक्तात उरलेली ही द्रव्ये घाईने पेशींत ओढली जातात. रक्तातले फॉस्फरस कोसळते. त्याशिवाय स्नायूला जोर मिळत नाही, श्वासाचा पडदा थकतो, हृदयाचा ठेका चुकतो. उरलेसुरले थायामिन साखर पचवण्यात जाते आणि मेंदू गोंधळतो. शरीर मीठ-पाणी धरून ठेवते, पाय सुजतात. माझ्या सहकाऱ्याच्या तिसऱ्या दिवसाचे हे अगदी बिनचूक वर्णन आहे. त्या डॉक्टरीणबाईंनी शिरेतून थायामिन दिले, रक्तातले फॉस्फरस तपासून भरून काढले, आणि चार दिवस त्याला घरचा डबा मिळू दिला नाही. त्याची आई बाहेर बसून रडत होती. आपल्या हातच्या जेवणाने मुलगा आजारी पडला हे तिला कोणी कसे समजावणार? सात आठवड्यांनी तो लेथवर परतला.

ब्रिटनच्या डॉक्टरांसाठी २००६ साली निघालेल्या मार्गदर्शिकेत याचे माप दिले आहे. पाच दिवसांहून अधिक काळ ज्याने जवळजवळ काही खाल्लेले नाही, त्याला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. ज्याने दहा दिवस खाल्लेले नाही, किंवा ज्याचे वजन थोड्या महिन्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक उतरले आहे, त्याला सुरुवात किलोमागे दहा कॅलरींनी करावी. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला पाचशे, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण जेवणावर आणावे. पहिल्या घासाच्या आधी थायामिन द्यावे आणि दहा दिवस चालू ठेवावे. रक्त तपासत राहावे.

घरच्या भाषेत सांगायचे तर असे. सुटकेची तारीख कळली की आधी डॉक्टरला गाठावे, हलवायाला नंतर. किती दिवस उपवास, किती वजन उतरले, हे कागदावर लिहून न्यावे. आतल्या नोंदपत्रावरचे आकडे मिळाले तर फारच बरे. डॉक्टर भेटेपर्यंत पातळ पेज, थोडे दूध किंवा ताक, मुगाचे वरण, तेही वाटीने नव्हे, अर्ध्या वाटीने, दिवसातून पाच-सहा वेळा. साखर, गूळ, मैदा, सरबत पहिले काही दिवस दूर. पायाला सूज, धाप, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, बडबड यांतले काहीही दिसले तर रात्र असो की दिवस, इस्पितळात न्यावे आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे की हा माणूस उपाशी होता आणि काल जेवला.

आमच्या संघटनेत तेव्हापासून एक पद्धत पडली आहे. कोणी आत गेला की त्याचे त्या दिवशीचे वजन कार्यालयातल्या वहीत लिहून ठेवतो, आणि सुटकेच्या दिवशी हारांबरोबर थायामिनच्या गोळ्यांची पट्टी खिशात घेऊन दारावर जातो. माझ्या त्या सहकाऱ्याची आई आता नाही. पण ती होती तोवर, आमच्यापैकी कोणी सुटून आला की मुगाच्या पातळ वरणाचे पातेले तिच्याकडूनच यायचे, आणि ते पुरे म्हणेपर्यंत नाही, तर ती पुरे म्हणेपर्यंतच प्यायचे, असा तिचा दंडक होता.